रडू येण्याआधीचं औषध

शैलामॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेत होते. समोरची बाई सुरमई कापता कापता विचारत होती, "सिस्टर, तुकडे केवढे करू?" आणि मी पिशवी तिथेच ठेवून निघाले... आदल्याच दिवशी त्या राउंडला हसत होत्या. हृदय अचानक बंद पडलं, एवढंच कळलं.

मुलांच्या वॉर्डात मी परिचारिका, त्या बालरोगतज्ज्ञ. उमेदीची सगळी वर्षं आम्ही एकत्र काढली. भाजलेलं, हाड मोडलेलं पोर आलं आणि कुणी "लहान आहे, विसरेल" म्हणालं, की त्यांना खपत नसे. "विसरत नाही हो, त्याला सांगता येत नाही," त्या म्हणत.

दाभोळची एक चिमुरडी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. उकळती पेज मांडीवर सांडलेली. मॅडमनी आधी पॅरासिटामॉल दिलं, जोडीला सूज उतरवणारं दुसरं औषध, आणि ड्रेसिंगपूर्वी द्यायला मॉर्फिनचा छोटा डोस भरायला सांगितला. तेवढ्यात बाप आडवा आला. बोटीवर जाणारा धिप्पाड माणूस.

"तीन-तीन औषधं? पोर निजली नि उठलीच नाय तर?"

"एकाचाच मोठा डोस द्यायला लागू नये, म्हणून तीन," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाची वाट वेगळी, त्यामुळे थोडं थोडं पुरतं. आणि भीती मलाही वाटते. म्हणून तर मी इथून हलणार नाही."

खरंच हलल्या नाहीत. पोरीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, आणि यांची नजर तिच्या छातीवर. जखम धुताना ती पेंगत थोडी कुरकुरली, बस. मग डोळे उघडून "बाबा, भूक लागली" म्हणाली आणि तो बाप भिंतीकडे तोंड करून रडला. बाहेर आल्यावर मी मॅडमचा हात धरला, तर बर्फासारखा गार. "दर वेळी असंच होतं मला," त्या पुटपुटल्या.

ड्रेसिंग चालू असताना त्या पडदा ओढत, पण खोलीचं दार उघडं ठेवायला लावत. आत मूल किंचाळलं तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे, म्हणजे औषधाशिवाय कुणी उरकणार नाही, म्हणायच्या. गेल्या आठवड्यात ते दार बंद होतं. आतून एका पोराचा आक्रोश येत होता आणि मॅडमच्या जागी आलेले नवे डॉक्टर म्हणत होते, "घट्ट धरा, झालंच आता." मी दार ढकललं. "डॉक्टर, थांबा. आधी औषध देऊ." ते चिडले, पण थांबले.

तेव्हापासून मी दार उघडं ठेवते... पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे; त्यानंतर ते कोण उघडं ठेवेल, कोण जाणे.