सतरा नंबरचे बूट

शहरातल्या शाळांची मुलं पाच-पाच दिवसांसाठी त्या शेतावर राहायला येत. दूध कुठून येतं, बटाटा झाडाला लागतो की जमिनीत, हे शिकायला. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल, दुसऱ्या दिवशी वासराच्या गळ्यात गळा आणि पाचव्या दिवशी बसमध्ये चढताना रडारड, हा ठरलेला क्रम. या सगळ्या कारभारात बूटमावशीकडे एकच खातं होतं, मुलांचे गमबूट.

पूर्वी ती गोठ्यात धारा काढायची. पुढे बोटं आखडली, तेव्हा मालकांनी तिला दाराजवळची बुटांची खोली दिली. लोकांना वाटलं, म्हातारी आता कोपऱ्यात पडली. पण मावशी कोपऱ्यात पडणाऱ्यातली नव्हती. तिने भिंतीला फळ्या ठोकून घेतल्या, प्रत्येक खणावर रंगाने आकडा घातला आणि नियम केला. बाहेर जाताना बूट घालायचे, आत आलं की आपल्या खणात ठेवायचे. रिकामा खण म्हणजे पोर बाहेर. हळूहळू सगळं शेत तिच्या फळ्यांवर चालू लागलं. संध्याकाळी शाळेच्या बाई विचारत, "मावशी, सगळी आली का?" मावशी फळ्यांवरून नजर फिरवी आणि म्हणे, "आली." तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चौदा वर्षांत आपला आकडा एकदाही चुकला नाही, हे ती येईल त्याला ऐकवत असे.

मुलांची नावं मात्र ती लक्षात ठेवत नसे. दर आठवड्याला नवी तीस नावं कोण पाठ करणार? "ए नऊ, टाच घासू नकोस! ए बावीस, चिखल बाहेर झाड!" अशाच तिच्या हाका. शितावरून भाताची परीक्षा, तशी मी बुटावरून पोराची करते, असं तिचं म्हणणं होतं.

त्या आठवड्यातली सतरा नंबर म्हणजे नऊ वर्षांची एक अबोल मुलगी. घोळक्यात ती कधी नसायचीच. दूरच्या कुंपणात एक आजारी वासरू वेगळं ठेवलं होतं, त्याच्याशी तिची गट्टी जमली होती. ते तिच्याच हातून बाटलीने दूध पीत असे. चौथ्या दिवशी दुपारी ती बूट दारातच सोडून आत निघाली आणि मावशीने सगळ्यांसमोर तिला धारेवर धरलं.

"हे खणात कोण ठेवणार? तुझी आजी?"

"मावशी, बूट चावतात. टाचेला फोड आलाय."

"उद्या दुसरे देते. पण बूट जागेवर नसले तर मला कळणार कसं, तू आत आहेस की बाहेर?"

मुलीने मान खाली घातली, बूट उचलले आणि सतरा नंबरच्या खणात टाचा जुळवून ठेवले.

संध्याकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं. तीस खण, तीस जोड. "आली," मावशी म्हणाली.

जेवायला बसल्यावर एक ताट तसंच राहिलं. मग शोधाशोध सुरू झाली, पण घरातल्या घरात. पलंगांखाली पाहिलं, न्हाणीघरं पाहिली, माळाही पाहिला. मावशीने आत आहे म्हटल्यावर बाहेर बघणार कोण? अर्धा तास असा गेला. शेवटी बाई धावतच बुटांच्या खोलीत आल्या.

"मावशी, तुम्ही तिला आत येताना पाहिलंत ना?"

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. "बूट आले होते, बाई," ती कशीबशी म्हणाली. "दुपारनंतर पोर मी पाहिलीच नाही."

बाहेर अंधारून येत होतं. थंडी हाडांत शिरत होती. ट्रॅक्टरवाला बॅटरी घेऊन बुटांचे ठसे बघत फिरू लागला, पण ठसे शेकड्याने होते. मावशी वाट फुटेल तिकडे धावत होती आणि ओरडत होती, "सतरा! ए सतरा!" पलीकडून बाई मुलीला नावाने हाका मारत होत्या. तेव्हा कुठे मावशीच्या ध्यानात आलं, की चार दिवस त्या पोरीच्या पायात बूट चढवले आणि नाव काही विचारलं नाही. तिला स्वतःची घृणा आली.

पाण्याच्या टाकीपाशी ती थबकली. बूट तर फळीवर आहेत. मग बुटांचे ठसे का शोधतोय आपण?

तिने ट्रॅक्टरवाल्याच्या हातातली बॅटरी हिसकावली आणि चिखलात वाकली. एक छोटंसं अनवाणी पाऊल. पाचही बोटं स्पष्ट, टाच मात्र उठलेली नाही. फोड आलेला पाय चवड्यावर टाकत पोर चालली होती. पावलं वासराच्या कुंपणाकडे वळली होती, तीही जवळच्या वाटेने, म्हणजे शेणाच्या खड्ड्यावरून. गोठ्यातलं सगळं पातळ शेण तिथे साठायचं. वर वाळून पापुद्रा धरे आणि नवख्याला ती जमीनच वाटे. कोंबडी चालेल, पोर नाही, असं मावशीच पहिल्या दिवशी मुलांना सांगायची. पावलं खड्ड्याभोवतीच्या तारेखालून पलीकडे गेली होती आणि मग संपली होती.

"शिडी आण!" ती किंचाळली. "अरे, पळ!"

पापुद्रा फुटलेला होता. कडेच्या खांबाला दोन हात घट्ट धरून होते आणि हातांमध्ये वर केलेली हनुवटी. मुलगी रडतसुद्धा नव्हती. बाहेर कोणी शोधतच नव्हतं तेव्हा ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता.

मावशी पालथी पडली आणि तिने मुलीचं मनगट धरलं. धार काढायला निकामी झालेली ती बोटं, पण त्यांनी पकड सोडली नाही. "धर गं, धर माझ्या सोन्या," ती एकसारखी म्हणत राहिली. शिडी आली, ट्रॅक्टरवाला आडवा झाला, आणि दोघांनी मिळून तिला ओढून काढलं.

मावशीने अंगातला स्वेटर काढून तिला गुंडाळलं. पोर थडथड उडत होती, ओठ निळे पडले होते. ते ओठ काहीतरी पुटपुटत होते. मावशीने कान लावला.

"मावशी, रागावू नका. बूट मी जागेवरच ठेवलेत."