शब्दकोशातला चौथा ठिपका

मैत्रिणींनो, आज चिखलोलीच्या नव्या घरासाठी सामान बांधत होते. मदतीला आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, अर्थ मोबाईलवर मिळतात की! ही वीट रद्दीत द्या."

ती वीट म्हणजे ह्यांचा इंग्रजी शब्दकोश. हे एमआयडीसीत स्प्रिंगच्या कारखान्यात होते. शिफ्टवरून आले की चहाबरोबर मला एका शब्दाचा एकच अर्थ शिकवायचे आणि त्यापुढे पेन्सिलीने ठिपका द्यायचे. दुसरा विचारला तर म्हणायचे, "उद्याला काही ठेव की!" सातवी शिकलेली मी, त्या ठिपक्यांनीच इंग्रजी वाचायला लागले.

शेवटी त्यांनी स्वतःच्या कामाचा शब्द घेतला होता, स्प्रिंग. वेटोळी तार, वसंत ऋतू, झरा, असे तीन ठिपके झाले. चौथ्या दिवशी ते हृदयविकाराने गेले.

आज चौथा अर्थ मीच वाचला: उसळी मारणे. बाकीचे तिन्ही ह्यातूनच निघाले, असं खाली दिलंय. मुळाचा अर्थ त्यांनी मुद्दाम शेवटाला राखला होता.

नणंदेने पेन्सिल पुढे केली. "द्या ठिपका. दादा रागावणार नाही."

मी शब्दकोश मिटून साड्यांच्या घडीत ठेवला. ठिपका दिला असता तर आमचा चहा संपला असता.

तुम्ही असतात तर दिला असता?