आप्पांच्या खिशातला फ्यूज

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल करत आलो. वायरमन माणूस मी. तारेत करंट असतो किंवा नसतो, अधलंमधलं काही नसतं! आमच्या येळ्ळुरात कुणी असल्या गोष्टी काढल्या की मी उठून चालू लागायचो. त्यामुळे पुढचं वाचून माझे जुने सोबती हसतील. हसू देत.

स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. लढाई चालू होती, तार मिळायची मारामार होती आणि प्रवाशांची सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायची. मी बाविशीचा. माझे उस्ताद म्हणजे संकेश्वरचे आप्पा. बेळगावपासून निपाणीपर्यंत नव्या बांधकामांत आम्ही दोघं वायरिंग करत फिरायचो.

काय कामं होती ती! भिंतीवर सागवानी पट्टी, पट्टीत दोन खाचा, एका खाचेत लाल तार, दुसरीत काळी, आणि वर झाकणपट्टी. जोड असा द्यायचा की ओढला तर तार तुटेल, जोड सुटणार नाही. आणि स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या, एका ओळीत. एखादी तिरकी दिसली की आप्पा खालून ओरडायचे, "म्हशीची शिंगं हायत काय रं ती? सरळ कर!" घरमालक कधी मान वर करून स्क्रू बघणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी.

पण आप्पांचा खरा हट्ट वेगळाच. कामाआधी करंट तोडायला मेन स्विचमधला फ्यूज काढायचा – चिनी मातीचा, काडेपेटीहून जरा मोठा – आणि तो आप्पांच्या खाकी कोटाच्या खिशात जायचा. मी शिडीवर, ते खाली. उघड्या तारेला हात लावण्याआधी मी वरून विचारायचं, "आप्पा, फ्यूज?" ते खिशावर थाप मारून म्हणणार, "हाय माझ्याजवळ. कर काम." दिवसातून वीस वेळा विचारलं तरी वीस वेळा थाप. एकदा कंटाळून मी न विचारताच तार धरली, तर त्यांनी मला शिडीवरून उतरवलं आणि दिवसभर कामाला हात लावू दिला नाही. "माझ्या खिशात तुझा जीव हाय," म्हणाले, "त्याची चौकशी करायला लाज वाटती व्हय रं?"

निपाणीत एका जैन तंबाखू व्यापाऱ्याच्या इमारतीचं काम चालू होतं. खाली वखार, वर राहतं घर. वरच्या सोप्यातले दोन दिवे तेवढे राहिले होते आणि आप्पा तापाने पडले. आठ दिवसांत गेले. मी खांदा दिला, बारावं-तेरावं केलं, आणि उरलेलं काम पुरं करायला एकटाच निपाणीला गेलो.

दुपारची वेळ. खालच्या बोळात मेन होता. मी फ्यूज काढला. त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता, आणि त्यात नवी तार त्याच सकाळी मी माझ्या हाताने भरली होती. तो सदऱ्याच्या खिशात टाकला. खिशाला बटण होतं. ते लावल्याचं मला आजही लख्ख आठवतं.

वर जाऊन शिडी चढलो. आधीच्या जोडावरची चिकटपट्टी चाकूने सोलून दोन्ही तारा उघड्या केल्या. आता दोन्ही हातांत धरून पीळ द्यायचा. हात पुढे केले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "आप्पा, फ्यूज?"

खाली कोण असणार?

मला एकदम भडभडून आलं. आप्पा गेले हे मला खऱ्या अर्थाने त्या शिडीवर कळलं. स्मशानात नव्हतं कळलं. डोळे पुसले आणि त्यांच्यासारखीच आपल्या खिशावर थाप मारली.

खिसा रिकामा. बटण लावलेलं, आणि खिसा रिकामा.

वैतागून खाली उतरलो. वाटलं, शिडीखाली पडला असेल. नव्हता. जिना उतरलो, आणि वखारीच्या दारात थांबलो. आत दिवा जळत होता.

मालकांचे भाऊ भरमाण्णा तंबाखूच्या पानांचा ढीग निवडत बसले होते. वखारीला खिडकी नाही, आणि तंबाखूजवळ कंदील न्यायचा नाही हा तिथला कडक नियम.

"अण्णा, दिवा कसा लागला?"

"पानं दिसंनात रं. बघितलं तर फ्यूज जाग्यावर न्हवता. कपाटात दुसरा हुता, त्यो घातला आत्ताच. का, चुकलं काय?"

मी तिथेच पायरीवर बसलो. भरमाण्णांनी पाणी आणून दिलं. म्हणजे माझा फ्यूज खिशात असता तर मी बिनघोर दोन्ही तारा धरल्या असत्या, आणि आज हे लिहायला उरलो नसतो. फ्यूज हरवला म्हणून वाचलो! मग आम्ही दोघांनी सोपा, जिना, बोळ सगळं झाडून काढलं. फ्यूज मिळाला नाही.

चार दिवसांनी आप्पांची हत्यारं परत द्यायला संकेश्वरला गेलो. आप्पांच्या बायकोला मी आक्का म्हणायचो. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांचा कोट तू घेऊन जा, शिवा. धुऊन ठेवलाय बघ तेराव्यालाच. तवापास्नं खुंटीवरच हाय."

कोट हातात घेतला तर जड लागला. खिशात हात घातला.

टवका उडालेला कोपरा बोटाला लागला. बाहेर काढून बघितलं... मीच भरलेली तार.

"आक्का, हे कुणी ठेवलं?"

"खिसं उलटं करून धुतल्यात की मी! काय न्हवतं त्यात. घरात तर मी एकटीच." त्यांनी फ्यूज हातात घेऊन निरखला. "काय हाय रं हे?"

मी सगळं सांगितलं. आक्कांनी फ्यूज परत कोटाच्या खिशात ठेवून वरून हलकी थाप मारली. "असू दे. त्यांच्याजवळच असू दे."

कोट मी नेला नाही.

निपाणी ते संकेश्वर तो फ्यूज कसा गेला, बटण लावलेल्या खिशातून कसा निघाला, याचा मी खूप विचार केला. उत्तर नाही. भुताखेतांवर आजही माझा विश्वास नाही. पण पुढची चाळीस वर्षं प्रत्येक शिडीवरून तारेला हात लावण्याआधी मी खाली वाकून विचारत आलो, "आप्पा, फ्यूज?" हाताखालची माणसं एकमेकांकडे बघून हसायची. खालून उत्तर कधीच आलं नाही. तरी विचारल्याशिवाय मी कधी तार धरली नाही.