गालावरची नवी हळद

वाशीमकडच्या मालेगावच्या बस स्टँडमागे मेहरबीचं पार्लर आहे, एका खोलीचं. गिऱ्हाईक आलं की ती त्याला आधी दारातल्या उजेडात उभं करते. ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नाही.

जवळच्या जऊळका गावची सुकेशनी तशीच उजेडात उभी होती. लग्न महिन्यावर आलेलं. शेजारी आई, भागिरथाबाई.

"निताले केलं तेच पील मले करा," सुकेशनी म्हणाली. पील म्हणजे वरची कातडी सोलून चेहरा उजळवणारं औषध. निता तिची होणारी नणंद, गोरीपान. फोटोत दोघी शेजारी येणार, ही सुकेशनीची खरी धास्ती.

"निताचं लाल झालं तं दोन दिवसांत जाते," मेहरबी म्हणाली. "तुह्या रंगावर भाजलं तं काळा डाग बसते न महिनोन् महिने हालत नाई. निताचं औषध तुले नाई चालत."

"म्हंजे सावळ्यायले काईच नाई का भाबी?" भागिरथाबाईनं टोमणा मारला.

"हाय न बाई. सौम्य औषध हाय, न तेबी थोडं. पोट्टी गोरी नाई होनार. मुरुमाचे डाग फिकट होतीन, चेहरा साफ दिसंन. गोरीच पायजे असंन तं दुसरीकडं जा."

त्या कुठे गेल्या नाहीत. मेहरबीनं सुकेशनीच्या कानामागे औषधाचा एक थेंब लावून तिला घरी पाठवलं. दोन दिवसांनी ती आली तेव्हा तिथं खाज नव्हती, लाली नव्हती. मग चेहऱ्याला ते सौम्य औषध, लॅक्टिक ॲसिड, लावलं, थोड्याच वेळात धुतलं, आणि मायलेकींना बजावलं, "आठ दिवस घासाचं नाई. लिंबू नाई. सनस्क्रीन लावल्याबिगर उन्हात जाचं नाई."

भागिरथाबाईनं प्रत्येक गोष्टीला मान हलवली. पण तिसऱ्या दिवशी पोरीचे गाल कोरडे दिसले आणि तिला राहवलं नाही. अंगणात यंदाची हळद उकडून वाळत पडली होती. त्यातलीच पाट्यावर वाटली, बेसन कालवलं, वरून लिंबू पिळलं आणि चांगलं चोळून लावलं.

फोन सुकेशनीचा आला. रडत होती. "भाबी, आग होऊन राह्यली!"

मेहरबीनं नवऱ्याला, तय्यबला, शिलाई मशीनवरून उठवलं आणि मोटारसायकलवर मागे बसली. पोरीचं तोंड लग्नात काळवंडलं तर मालेगावात तिच्या दारात कोण उभं राहणार होतं?

जऊळक्यात ती पोचली तेव्हा सुकेशनी पदरानं गाल पुसत होती.

"हात खाली! घासू नको!" मेहरबीनं गार पाणी ओतत ओतत लेप उतरवला. लेप गेला, पिवळा रंग राहिला. त्याखाली किती लाल आहे, काही कळेना.

"काहून लावलं व बाई?"

"घरची हळद हाय, भाबी. हळदीनं कोनाचं वाईट झालं?" भागिरथाबाई म्हणाली. "तुमी लिंबू नाई म्हनलं, तं म्या जरासकच पिळलं."

मेहरबीनं वळून तिच्याकडे पाहिलं. त्या आईचे हातही कोपरापर्यंत पिवळे होते.

दुसऱ्या दिवशी तिघी वाशीमला कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, फोड नाहीत, भाजलेलं दिसत नाही. साधं मलम लावा, सावलीत राहा, डाग पडतो की नाही ते रंग उतरल्यावरच कळेल. सुकेशनी घरात बसून राहिली. रोज फोटो पाठवायची आणि मेहरबी रोज तेच लिहायची, 'फोटोत समजत नाही.'

रंग पुरता उतरल्यावर मायलेकी पार्लरला आल्या. मेहरबीनं पोरीला दारात उभं केलं. हनुवटी वर केली, डावा गाल, उजवा गाल, नाकाची बाजू. मुरुमाचे जुने डाग फिकटले होते. नवा एकही नव्हता. रंग तिचाच, सावळा, एकसारखा.

मेहरबीनं हनुवटी सोडली. "काई नाई पडलं," ती म्हणाली. "या अल्ला, काई नाई पडलं."

भागिरथाबाई डोळे पुसत हसायला लागली. मग एकदम थांबली. "भाबी, पन हळदीच्या दिवशी? साऱ्या बाया तोंडालेच लावतेत."

"हाताले लावा, पायाले लावा, गालाले आंब्याचं पान नुसतं टेकवा."

"आयकतेत का बाया?"

"मीच बसतो न नवरीजोळ," मेहरबी म्हणाली. "पयले तुमाले धरून ठेवतो."

सुकेशनी आरशाकडे गेलीच नाही. दारातच उभी राहून तिनं मोबाईल काढला आणि निताला फोटो पाठवला.