पहिल्याच बारीत चौथा

मोटोक्रॉसच्या मैदानात मला मिळालेली पहिली पदवी म्हणजे 'काका'. मागून येणारं सतरा वर्षांचं पोरगं हेल्मेटमधून "काका, साइड!" असं ओरडलं आणि मी सवयीने डावीकडे सरकलो. शिरूरच्या रस्त्यावर मागून एसटी आली की सरकतो, अगदी तसाच. शर्यतीत साइड द्यायची नसते हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. त्या वयात या खेळातले लोक गुडघ्यांची ऑपरेशनं उरकून पोरांना शिकवायला लागतात. मी तेव्हा मातीत उडवायची पहिली मोटरसायकल घेतली होती.

बायकोने विरोध केला नाही. ती फक्त दर रविवारी सकाळी आंबेहळदीचा लेप कालवून ठेवायची, मी पडायच्या आधीच. तिचा अंदाज तीन वर्षांत दोनदाच चुकला, आणि त्या दोन्ही रविवारी गाडी चालू झाली नव्हती.

सरावाला जागा मात्र झकास होती. कवठे येमाईच्या बाजूला आमच्या गावचा बैलगाडा घाट आहे. नाव घाट असलं तरी तो एक लांबलचक मातीचा चढ, दोन्ही बाजूंना बांध घातलेला. यात्रेत बैलांची जोडी खालून सुटते आणि वरचं निशाण ओलांडेपर्यंत जीव तोडून पळते. एका जोडीचं ते एक पळणं म्हणजे एक बारी. काही सेकंदांचा खेळ, त्यावर लोक वर्षभर बोलतात. यात्रेनंतर घाटावर शेळ्या चरतात. तिथे मी उड्या मारायचो, आणि शेळ्या चरायचं थांबवून माझ्याकडे बघायच्या. प्रेक्षक म्हणून त्यांच्याइतकं मन लावून मला पुढेही कुणी पाहिलं नाही.

माझे वडील, म्हणजे आबा, याच घाटावर म्हातारे झाले. त्यांचं काम ठरलेलं होतं: वर उभं राहायचं आणि बैल धरायचे. सुसाट आलेली जोडी निशाण ओलांडलं म्हणून आपल्या आपण थांबत नाही. कुणीतरी पुढे होऊन वेसणीला हात घालावा लागतो. या कामात आबांची एक बरगडी आणि पुढचे दोन दात गेले. बक्षीस बैलाच्या मालकाला मिळतं, फेटा ड्रायव्हरला. धरणाऱ्याला काही नाही. पण आबांच्या हातून एकही जोडी सुटून पलीकडच्या ज्वारीत गेली नाही, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. शर्यतींवर बंदी आली तेव्हा घरचे बैल विकले गेले. बंदी उठली तोवर आबांचे गुडघे गेले होते. गोठ्यात आता बैलांच्या जागी माझी गाडी असायची. पहिल्या दिवशी आबांनी तिला एक प्रदक्षिणा घातली आणि ते म्हणाले, "ह्याला पेंड घालावी लागत न्हाई, येवढं एक बरं हाय."

तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका टीमच्या मॅनेजरचा फोन आला. मी कारखान्यात होतो. माझं काम म्हणजे लोखंडी तुकड्यांना पाडलेली भोकं मोजायची. आठ तास भोकं मोजायची, मग घरी जायचं.

"सर, दौंडच्या शर्यतीत पहिल्या पाचात या," तो म्हणाला. "पुढचा सीझन आमच्याकडून. गाडी आमची, टायर आमचे, पगार आमचा. फक्त एक आहे, पुढच्या वर्षीपासून आम्ही तिशीच्या आतलेच घेणार. म्हणजे तुमच्यासाठी हीच शेवटची संधी."

मला ते फार हवं होतं. इतकं, की फोन ठेवून मी मशीनच्या मागे जाऊन रडलो. सुपरवायझरला सांगितलं, डोळ्यांत मशीनमधलं कूलंट उडालं. त्याने सुरक्षा चष्मा न घातल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा घेतला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आबा ओट्यावर येऊन बसले. तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "म्हंजी कसं असतंय रं ते?"

मी सांगू शकलो असतो. वीस गाड्या एकदम सुटतात, वळणावळणाचा ट्रॅक असतो, आठ फेऱ्या मारायच्या असतात, आणि आठव्या फेरीला जो जिथे असेल तो त्याचा नंबर. दोन मिनिटांचं काम होतं. पण मी चेनला तेल देत होतो, आणि खरं सांगायचं तर मनात होतं, यांना काय कळणार.

"घाटासारखंच असतंय, आबा," मी म्हणालो. "निशाणाला पाचाच्या आत आलो की झालं."

आबांनी मान हलवली आणि ते उठले. इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल मी स्वतःवरच खूश झालो.

सकाळी मी टेम्पोत गाडी घालून पुढे गेलो. पाटसच्या अलीकडे, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात ट्रॅक केला होता. तासाभराने आमच्या गावचा पिकअप आला. चौदा माणसं, एक हलगी आणि भंडाऱ्याची गोणी. आबा पुढे बसले होते, डोक्याला ठेवणीतला पटका. इतर रायडरांसोबत फिजिओ होते, पाण्याच्या बाटल्या धरणारे होते. माझ्यासोबत हलगी होती. मी हेल्मेट घातलं, म्हणजे कुणी ओळखायला नको.

शर्यत सुटली आणि माझ्या आयुष्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. सुरुवात चांगली मिळाली. पहिल्या वळणावर तीन पोरं एकमेकांत अडकून पडली, त्यांच्या बाजूने मी निसटलो. मोठ्या जंपवर गाडी उडाली आणि सरळ खाली आली, हेही नवीनच. फेरी संपत आली तेव्हा पुढे फक्त तीन गाड्या होत्या. मी चौथा होतो. हलगी ऐकू येत होती. सात फेऱ्या याच जागेवर धरून राहायचं, एवढंच डोक्यात होतं.

मी निशाण ओलांडलं आणि समोर आबा उभे होते.

पाय रोवून, गुडघे जरा वाकवून, दोन्ही हात पुढे. घाटाच्या माथ्यावर आयुष्यभर उभे राहिले तसे. मी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, आणि आबांनी हँडल धरलं. बहात्तराव्या वर्षी, गुडघे गेलेल्या माणसाने. मागून गावचे तेरा जण कडेच्या दोरीखालून आत आले. कुणी गाडी धरली, कुणी मला उचललं, आणि भंडाऱ्याची गोणी माझ्या डोक्यावर रिकामी झाली. गॉगल पिवळा झाला. इंजिन बंद पडलं.

"सोडा," मी ओरडत होतो. "आबा, सोडा, अजून हाय."

"धरलाय," आबा ओरडून सांगत होते. "जाऊ देत न्हाई, भिऊ नगं."

ट्रॅकवरचा मार्शल शिट्ट्या वाजवत पळत आला. मागची पोरं कडेकडेने गेली, एक जण जाताना "काका?" म्हणाला. मी सुटलो तेव्हा शेवटचा होतो. आठ फेऱ्या मी पूर्ण केल्या, पिवळाधमक. त्यानंतर मला बाद केल्याचं कळलं. कारण कागदावर लिहिलं होतं: स्पर्धेदरम्यान बाहेरील व्यक्तींची मदत घेणे.

मॅनेजर लांबूनच हात हलवून गेला. मी एकट्यानेच गाडी टेम्पोत चढवली. आबांकडे पाहिलंही नाही. राग कुणावर काढायचा हे मला नीट माहीत होतं, म्हणूनच तो बाहेर काढता येत नव्हता.

परतताना आबा माझ्या टेम्पोत बसले. चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत आलो. एव्हाना त्यांना कुणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, "किती फेऱ्या व्हत्या?"

"आठ."

"आन् म्या पहिल्यालाच धरला."

त्यांच्या उजव्या तळव्याची साल निघाली होती. त्यावर त्यांनी भंडारा दाबून धरला होता.

"धरलं तवा चौथा व्हतास न्हवं?"

"व्हय."

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी पारावर भेटेल त्याला सांगितलं की पोरगं पहिल्याच बारीत चौथं आलं, वाट म्याच आडवली. गोठ्यात गाडीवर त्यांनी जुन्या बैलाची झूल टाकली, आरशांची, लाल. ती अजून तिथेच आहे. मी परत भोकं मोजतो.

पण त्या दिवशी, टेम्पोतून उतरताना, दाराला धरून ते जरा थांबले.

"फुडल्या साली म्या वर न्हाई थांबायचा," आबा म्हणाले. "खाली थांबतो. सोडायला."

माझ्यासाठी पुढचं साल नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

"थांबा की, आबा," मी म्हणालो, आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.