लू मास्तरांचा शेवटचा काढा

गान्सू प्रांताच्या डोंगरातली ती गल्ली तेव्हा रोज सकाळी उकळत्या मुळ्यांच्या कडवट वासानं जागी व्हायची. तो वास लू मास्तरांच्या घरचा. मास्तरांची मूत्रपिंडं थकली होती, आणि सहा वर्षं त्यांच्या काढ्याच्या पुड्या तौ वैद्य बांधून देत. दोघे एकाच बाकावर शिकलेले.

त्या शरदात तौंनी नाडी धरली, रक्ताच्या तपासणीचा कागद दोनदा वाचला आणि पुडी बांधलीच नाही.

"शहरात पोराकडे जा. आता यंत्रानंच रक्त धुवायला हवं. माझा काढा थांबव, तो तुला झेपायचा नाही."

"सहा वर्षं कडू पाजून आता हाकलतोस होय?" मास्तर म्हणाले. "शाळेत तुझी दौत सांडली, त्याचा सूड उगवलास."

"ती तू सांडलीस, हे ठाऊक होतं मला," तौ म्हणाले.

निघायच्या सकाळी मास्तरांच्या बायकोनं भांड्यात उरलेला शेवटच्या काढ्याचा चोथा रस्त्यावर ओतला. तो जो तुडवील त्याच्या पायांबरोबर रोग्याचं दुखणं निघून जातं, असं गाव मानायचं, म्हणून सगळे त्याला वळसा घालत. तौ जन्मभर या समजुतीला हसत आले होते. आज ते सावकाश आले आणि कापडी जोड्यांनिशी चोथ्याच्या मधोमध उभे राहिले.

गाडीतून मास्तर ओरडले, "अरे म्हाताऱ्या, माझं दुखणं घेऊन जाशील!"

"घेतलं," तौ म्हणाले. "तू नीघ आता."