समुद्रावरच्या विमानातली विभूती

मी सोलापुरात शाळेत गणित शिकवते. कुणा बाईच्या अंगात आलं असं कानावर आलं, की मी आधी विचारते — जेवलीय का ती? असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही… पण अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बाबतीत जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या घरात अप्पांनी कपाळाला विभूती लावल्याशिवाय कुणी गावाला जात नसे. कडबा कापायच्या मशिनीत त्यांच्या मधल्या बोटाचं पेर गेलेलं. त्यामुळं तीन पट्ट्यांतली मधली कायम पुसट उठायची. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो.

धाकटा भाऊ मल्लू न्यूझीलंडला गेला, त्या सकाळी अप्पा आंघोळीला बसलेले आणि बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवून जीव खात होता. मल्लू तसाच गेला. अप्पांच्या मनाला ते लागून राहिलं. "पोरगं रिकाम्या कपाळानं गेलं की," एवढंच म्हणायचे, पण फार वेळा म्हणायचे.

गेल्या वर्षी अप्पांच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. मल्लू निघाला. ऑकलंड ते दुबई — चौदा हजार किलोमीटर, सतरा तास, मध्ये थांबा नाही. मग मुंबई, मग गाडीनं सोलापूर. मी फोनवर त्याचं विमान बघत बसले होते. कुठवर आलाय, असं अप्पा सारखं विचारायचे. मी सांगायचे आणि मनात हिशेब करायचे. तो काही केल्या जमत नव्हता, आणि मला रडू येत होतं.

दिवेलागणीला अप्पांनी विभूती मागितली. बोटं भरून घेतली आणि हात वर उचलला… पलंगाशेजारी कुणीतरी वाकून उभं असावं तसा. हवेतच सावकाश बोटं ओढली.

"बंदा नोड," म्हणाले. कानडीत — आला बघ.

मी फोनकडे पाहिलं. ऑस्ट्रेलिया मागं पडला होता, विमानाखाली नुसतं पाणी. हात खाली आला तेव्हा अप्पा गेले होते. त्यांची बोटं स्वच्छ होती. चादरीवरही विभूतीचा कण नव्हता.

मल्लूसाठी माती थांबवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, टोपी कपाळावर ओढलेली. अप्पांच्या पायावर डोकं ठेवायला त्यानं ती काढली. तीन पट्ट्या. मधली पुसट.

बाजूला घेऊन विचारलं. विभूती त्यानं सोबत कधीच नेली नव्हती.

"झोप लागली होती, अक्का. कपाळाला गार लागलं म्हणून उठलो. आरशात बघितलं… तवाच कळलं, अप्पा न्हाईत. मग तोंडच धुतलं न्हाई."

त्यानंच लावली असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणून बघितलं.

दिवस झाल्यावर मल्लू परत निघाला. आता विभूती लावायला घरात मीच. बोटं भरून घेतली, त्याच्या कपाळावर ओढली. माझी बोटं धड आहेत. तरी मधली पट्टी पुसट उठली. पुसून पुन्हा लावली, पुन्हा तशीच. कशी, ते मला आजही सांगता येत नाही… तिसऱ्यांदा मात्र पुसली नाही. म्हटलं, असू दे. त्यांनाच लावू दे.